ऱ्हाईनच्या सोन्याची पोच

तुमचे आबा जर्मनीला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत पंचिंग मशीन होतं. लोक लेकीच्या बाळंतपणाला जाताना डिंकाचे लाडू नेतात. लाडू त्यांनीही आणले होते, पण मशीनच्या खाली, त्यामुळे निम्म्यांचा भुगा झाला होता. शिवाय पुठ्ठ्याच्या फायली, त्या बांधायच्या हिरव्या टॅगांचं बंडल आणि शाईचं पॅड. रबरी शिक्का तेवढा नव्हता. तो निवृत्त होताना कचेरीत जमा करावा लागला, ही खंत त्यांनी विमानतळावरून कायझर्सलाउटर्नला येताना गाडीतच मला बोलून दाखवली. मी नातीचं वजन सांगत होते.

तुमच्या आईची आई फार लवकर गेली. म्हणून तिच्या जागी आबा बाळंतपणाला आले, आणि तुमच्या बाबांची आई म्हणून मी आधीच तिथे होते. तुमच्यातली थोरली तेव्हा अठरा दिवसांची होती, आणि धाकटा जन्मायचा होता. म्हणजे ह्यातलं काहीही तुम्हाला आठवणार नाही. आई वाचून दाखवेल ते नीट ऐका, आणि मध्येच जर्मनमध्ये प्रश्न विचारून तिला थांबवू नका.

आबांचं एक वाक्य होतं: "तोंडी काही नसतं." मी सकाळी विचारायची, "व्याहीबुवा, चहा घेणार ना?" ते "घेईन" म्हणायचे, पण चेहरा असा, की हे मी एका चिठ्ठीवर विचारायला हवं होतं. आल्या दिवशीच त्यांनी दोनशे पानी वही काढून डाव्या पानावर आवक आणि उजव्या पानावर जावक असं आखलं. घरात आलेला प्रत्येक कागद आवक, गेलेला प्रत्येक कागद जावक. पहिली नोंद मी स्वतः वाचली आहे: "आवक क्र. १. नात. सुस्थितीत."

खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे. एकटे, निवृत्त, उंच आणि जरासे वाकलेले. आयुष्यभर जवळच्या अमेरिकन तळावर नोकरी केल्यामुळे त्यांचं इंग्रजी बरं होतं, आणि आबांचं इंग्रजी कचेरीतलं, त्यामुळे दोघांचं जमायचं. एकदा आमचं पार्सल त्यांच्याकडे आलं, ते त्यांनी वर आणून दिलं. आबांनी पार्सल घेतलं, दार लोटलं नाही, वही पुढे केली आणि म्हणाले, "इथे सही. आपण दिलंत म्हणून." जर्मन माणसाला कागदाचं कौतुक शिकवावं लागत नाही असं मला तोवर वाटत होतं. पण घरमालकांनी वहीकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू आपल्याहून मोठा कुणीतरी जिना चढून वर राहायला आलाय.

आता आबा कोण होते ते सांगते. ते तहसील कचेरीत गौण खनिजाच्या टेबलावर होते. गौण खनिज म्हणजे वाळू, मुरूम, दगड, माती. नदीतून वाळू काढायला परवाना लागतो, आणि ती वाहून न्यायला ट्रकला पास लागतो. बिनपासाचे ट्रक गावातल्या शेंबड्या पोरालाही ओळखता यायचे, फक्त कचेरीच्या खिडकीतून ते दिसत नसत. त्या टेबलावर बसणाऱ्याचं घर तिमजली असणार, असं सगळा जिल्हा धरून चालायचा. आबांचं घर दोन खोल्यांचंच राहिलं, आणि त्यांची बदली इतक्या वेळा झाली की तुमच्या आईच्या शाळा मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे शिकल्यासवरल्या बाईला एका मिनिटात कळायला हवं होतं. मला काही वर्षं लागली.

तुमच्या आईबाबांच्या लग्नात तुमच्या आईच्या अंगावर चांगलं घसघशीत सोनं होतं. मी माझ्या बहिणीला हळूच म्हटलं, "वाळूच्या टेबलावर होते ना, मग सोनं निघायचंच." वाक्य मला फार झकास जमल्यासारखं वाटलं. बहीण हसली. मागे कोण उभं आहे हे मी पाहिलं नाही.

तर, नातीचं बारसं आबांची वाट पाहत थांबवलं होतं, ते त्यांच्या पहिल्या रविवारी केलं. आजोळकडून बाळाला सोनं येतं, निदान गुंजभर. आबांनी चांदीचे वाळे काढले. सुरेख होते, पण चांदीचे. मी विचारलं, "आणि सोनं, व्याहीबुवा?"

"देणार आहे, विहीणबाई. जाण्यापूर्वी देईन. कागदासकट देईन."

"सोन्याला कसला कागद? सराफाची पावती ना?"

"सराफापासून आपल्यापर्यंतची पावती असते. सराफाकडे कुठून आलं, त्याची नसते," ते म्हणाले आणि वाळ्यांची नोंद करायला गेले.

व्हिसा नव्वद दिवसांचा होता. तेवढ्या दिवसांत, जमिनीतून थेट निघालेलं आणि प्रत्येक पायरीवर कागद असलेलं सोनं ह्या माणसाला हवं होतं. मी मनात म्हटलं, बरी पळवाट आहे. आणि दुसऱ्याच आठवड्यात घरमालकांनी जिन्यात एक काचेची कुपी आबांच्या हातात ठेवली.

कुपीच्या तळाशी पिवळी चकचकीत चिमूटभर पूड होती. घरमालक म्हणाले, "ऱ्हाईनचं सोनं. तीस वर्षांचे रविवार आहेत त्यात." नदी त्यांच्या गाडीनं तासाभरावर. वाळूचा एक बांध त्यांना माहीत होता, जिथे नदी वळणावर जड खडी टाकते आणि खडीबरोबर सोन्याचे कण. ही जागा त्यांच्या बायकोलाही ती असेपर्यंत ठाऊक नव्हती. "तुम्हाला नेतो," ते आबांना म्हणाले, "पण कुणाला सांगायचं नाही." आबांनी मान डोलावली. इथे एक लक्षात घ्या: घरमालकांनी हे तोंडी सांगितलं.

रविवारी आम्ही निघालो. घरमालकांनी मांडीपर्यंतचे रबरी बूट आणि कंगोरे असलेली हिरवी प्लॅस्टिकची पसरट थाळी घेतली. आबांनी तुमच्या आईची कणीक मळायची परात घेतली. लहानपणी त्यांच्या गावात सराफ कट्ट्यापुढची धूळ झाडून नेणारे आणि ओढ्यावर धुऊन त्यातले सोन्याचे कण वेचणारे झारेकरी होते, त्यांचं काम त्यांनी तासन्‌तास पाहिलेलं. मी घडीच्या खुर्चीत बसून पाहत होते. आबांचा हात खरोखर चांगला चालत होता. परात पाण्यात अर्धी बुडवायची, गोल फिरवायची, वरची माती सोडून द्यायची. घरमालक बघत राहिले. फक्त स्टीलच्या चकाकीत सोनं दिसेना, आणि कणीक मळायची परात खडीनं ओरखडली ती ओरखडलीच. मग आबांनी घरमालकांची हिरवी थाळी घेतली. शेवटी तिच्यात काळी रेती उरली आणि रेतीच्या कडेला चार कण चमकले.

घरमालक मुलासारखे खूश झाले. आबांनी थाळी तशीच धरून विचारलं, "ह्याचा परवाना कुठाय?"

"कसला परवाना?"

"सोन्याचा. नदी सरकारी, काठ सरकारी."

"आल्झो, असं आहे," घरमालक म्हणाले, "तीस वर्षं येतोय. कुणी मला विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही."

आबांनी थाळी नदीत उपडी केली.

घरमालक रिकाम्या थाळीत वाकून बघत म्हणाले, "ते माझे कण होते."

"ते सरकारचे होते," आबा म्हणाले. "सरकारजमा केले."



सोमवारपासून आबा अर्जाला बसले. जर्मनीत सोन्यावर हक्क कुणाचा, हे शोधणं तुमच्या बाबांच्या वाट्याला आलं. रात्रीची जागरणं काय कमी होती. निघालं असं, की जमीन कुणाचीही असो, तिच्यातलं सोनं जमीनमालकाचं नसतं, म्हणून खाणींचं खातं. पाणी वाहतुकीचं, म्हणून जलमार्गाचं खातं. काठावर गवत आणि पक्षी, म्हणून निसर्गाचं खातं. आणि जवळच्या गावाला वाईट वाटू नये म्हणून गावचं कार्यालय. चार अर्ज, प्रत्येकी तीन प्रती. वर विषय, त्याखाली संदर्भ, मग "उपरोक्त विषयास अनुसरून". तुमचे बाबा भाषांतर करायला बसले. त्यांना वाटलं होतं की 'उपरोक्त' ह्या शब्दापाशी गाडी अडेल आणि सुटका होईल. पण त्याला जर्मनमध्ये तयार शब्द निघाला. त्यांनाही तो रोज लागतो.

मी इंग्रजी शाळेत शिकले. आम्हाला अर्ज एका पानात संपवायची शिस्त होती. आबांचा अर्ज सात पानांचा होता, कारण त्यात जागेची चतुःसीमा होती. आमच्याकडे जमिनीचा कुठलाही कागद चार दिशा सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. "पूर्वेस ऱ्हाईन नदी. पश्चिमेस उंच झाडांची रांग. उत्तरेस मोडकी लाकडी होडी. दक्षिणेस घरमालक बसतात तो दगड." सोबत पावलांनी मोजलेला, शाईनं काढलेला नकाशा. नकाशात दगडाभोवती लाल वर्तुळ.

मी म्हटलं, "अहो, ती जागा गुप्त आहे ना?"

"अर्जात जागा दाखवावीच लागते, विहीणबाई. नाहीतर परवाना कशाचा देतील?"

बरोबरच होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असायचं, तीच तर अडचण होती.

उत्तरं आली. हे आबांच्या आयुष्यातलं पहिलं आश्चर्य. चार खात्यांना लिहिलं आणि चारही खात्यांनी लेखी उत्तर दिलं. प्रत्येक पाकीट ते आधी उजेडात धरून पाहायचे, मग आवक क्रमांक टाकायचे, मगच उघडायचे. खाणींच्या खात्यानं कळवलं की विरंगुळा म्हणून, हातानं आणि थाळीनं कुणी चार कण शोधत असेल तर आमची काही तक्रार नाही. जलमार्गवाल्यांनी कळवलं की काठ आमच्याकडे नाही. गावानं कळवलं की जागा आमच्या हद्दीबाहेर आहे. निसर्गाच्या खात्यानं कळवलं की नकाशा अतिशय स्पष्ट आहे, त्याबद्दल आभार, आम्ही जागा पाहून येतो.

"म्हणजे परवाना लागतच नाही," तुमचे बाबा सुटकेनं म्हणाले. "चला, झालं."

"लागत नाही, असं चौघांनी मिळून म्हटलेलं नाही," आबा म्हणाले. "लागत नाही तर लागत नाही असं, जागा आणि तारीख घालून, शिक्क्यानिशी द्यावं."

म्हणजे परवाना लागत नाही ह्याचा परवाना. त्याच आठवड्यात त्यांनी तसा अर्ज केला.

दरम्यान निसर्गाच्या खात्याची माणसं खरंच बांधावर गेली. आबांचा नकाशा हातात असल्यावर चुकणार कशी? तिथे खडीत अंडी घालणाऱ्या, टिटवीसारख्या एका पक्ष्याचं घरटं त्यांना सापडलं. दगडापासून काही पावलांवर. पुढच्या रविवारी घरमालक बूट आणि थाळी घेऊन गेले आणि दुपारच्या आतच परत आले. त्यांच्या दगडाशेजारी हिरव्या कडेचा त्रिकोणी फलक उभा होता. विणीचा हंगाम संपेपर्यंत प्रवेश बंद.

ते बूट न काढता जिना चढून वर आले. जर्मनीत हे साधं नाही.

"तुमच्या नकाशात माझा दगड आहे," ते म्हणाले.

"चतुःसीमेला ठळक खूण लागते," आबा म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर तो मी तीस वर्षं कुणाला दाखवला नव्हता."

ते खाली गेले. आठ दिवस बोलले नाहीत. जिना कोणत्या आठवड्यात कुणी झाडायचा, ह्याची एक चिठ्ठी तेवढी त्यांनी आमच्या दाराला लावली. आबांनी तिला आवक क्रमांक दिला, पण त्या दिवशी त्यांचं अक्षर बिघडलेलं होतं. व्हिसाचे पंचवीस दिवस उरले होते. सोनं नव्हतं, परवाना नव्हता, आणि परदेशात जोडलेला एकुलता एक मित्र खालच्या मजल्यावर दार लावून बसला होता. तुमची आई म्हणाली, "बाबा, जाऊन सॉरी म्हणा ना." आबांनी तिच्याकडे पाहिलं. तोंडी?

त्यांनी माफीचा अर्ज लिहिला. दोन प्रती. घरमालकांनी दारात उभं राहून पूर्ण वाचला, मागचं पानही पाहिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली. माफी दिली असं नव्हे, अर्ज मिळाला, एवढंच. आबांना तेवढं पुरलं.

मग ते स्वतः निसर्गाच्या खात्यात गेले. तुमच्या बाबांनी दुभाष्या म्हणून अर्ध्या दिवसाची रजा काढली, मी उगाच बरोबर गेले. खिडकीपलीकडे एक तरुण बाई होती. आबांनी परवानगीचा नवा अर्ज दिला आणि प्रत पुढे सरकवली: पोच. तिला पोच कुणी कधी मागितली नसावी. तिनं एक खण उघडला, दुसरा उघडला, तिसऱ्यात तिला एक गोल शिक्का सापडला, तो तिनं आधी रद्दी कागदावर उठवून पाहिला. आबा त्या शिक्क्याकडे बघत होते ते मला बघवेना, इतकं ते प्रेमानं होतं. बाईनं सात पानं वाचली. मग तुमच्या बाबांना विचारलं, "ह्यांना नक्की किती सोनं हवंय?"

"दिसेल इतकं," आबा म्हणाले.

शुक्रवारी त्या खात्याचं एक पानी पत्र आलं. पुलाखालचा सार्वजनिक काठ, एक रविवार. फक्त हात आणि थाळी, यंत्र नाही. काठच्या लव्हाळ्यात जायचं नाही, खड्डा केला तर बुजवायचा. परवानगी अर्जदाराला आणि, अर्जात लिहिल्याप्रमाणे, "सोबतच्या एका जाणकार इसमाला". आबांनी अर्जात घरमालकांचं नाव घातलं होतं. पत्र घेऊन ते खाली गेले. वर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "येतायत."

तो रविवार म्हणजे विमानाच्या आधीचा दुसरा दिवस. पुलाखालचा काठ म्हणजे काय, तर कुत्री फिरवणारी माणसं, पाण्यात दगड फेकणारी पोरं, आणि मालवाहू बोट गेली की गुडघाभर लाट. सोनं अशा ठिकाणी नसतं हे घरमालकांना पाहताक्षणी कळलं असणार.  पण ते मला फक्त म्हणाले, "तीस वर्षांत आज पहिल्यांदा मी अधिकृत आहे," आणि पाण्यात उतरले.

दुपारी एक बाई सायकलवरून उतरल्या आणि त्यांनी विचारलं, "हे करायला परवानगी आहे का?" तुम्ही तिथे वाढता आहात, तुम्हाला ह्यात नवल वाटणार नाही. पण आबा हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून बिनपासाच्या ट्रकांकडे बघत आयुष्य काढून आले होते. त्यांनी हात पुसले. फाईल उघडली. बाईंनी पत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, शिक्का पाहिला, "सगळं व्यवस्थित आहे" म्हणाल्या आणि गेल्या. आबा बराच वेळ त्या गेल्या त्या दिशेला बघत होते.

संध्याकाळपर्यंत तीन कण मिळाले. तीन. होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली आणली होती, तिच्यात पाणी भरून ते सोडले, तेव्हा भिंगाशिवाय ते सोनं आहे की माझ्या डोळ्यांतला मोतीबिंदू, हे मला सांगता येईना. घरमालकांनी खिशातून आपली कुपी काढली. "ह्यातलं चिमूटभर घ्या. बाळासाठी."

"हे कुठलं?"

"त्या बांधावरचं. फलक लागायच्या आधीचं."

"कागद?"

घरमालकांनी कुपी परत खिशात टाकली. मग हसले, आणि खड्डा बुजवायला आबांबरोबर वाकले.

सोमवारी सकाळी तुमचे बाबा कामावर गेल्यावर आबांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. समोर फाईल ठेवली, तिच्यावर ती बाटली. फायलीचं पहिलं पान माझ्या नावानं होतं.

"विषय: नातीस आजोळचे सोने देणेबाबत. संदर्भ: लग्नमंडपातील आपले तोंडी विधान."

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची काही गरज नव्हती.

खाली सहपत्रं होती. पहिलं सहपत्र म्हणजे घड्यांवर फाटलेल्या, सेलोटेपनं जोडलेल्या सराफाच्या पावत्या. तुमच्या आईच्या आईचं सोनं, तिच्या वडिलांनी तिच्या लग्नात केलेलं. तेच पुढे लेकीच्या अंगावर आलं होतं. मग चारही अर्ज, चारही उत्तरं, नकाशा, माफीचा अर्ज, गोल शिक्क्याचं पत्र. शेवटी: "सोने, तीन कण, बाटलीसह. तपासून पोच द्यावी."

मी तपासलं. प्रत्येक पान. पानांवरचे आकडे, तारखा, सह्या. मला कुठेतरी एक चूक हवी होती, म्हणजे काहीतरी बोलता आलं असतं. सापडली नाही.

"तुम्ही तर म्हणता तोंडी काही नसतं," मी म्हटलं.

"नसतंच, विहीणबाई," आबा म्हणाले. "म्हणून तर इतकी वर्षं फायलीला लावता आलं नाही."

मी पेन घेतलं आणि लिहिलं: "मिळाले. तपासले. बरोबर आहे." सही केली. त्यांनी शाई फुंकून वाळवली, जावक क्रमांक टाकला आणि विचारलं, "चहा ठेवता?" मी ठेवला. त्या दिवशी लाडवांचा भुगाही दोघांनी संपवला.

आबा गेल्या हिवाळ्यात गेले. घरमालकांचं पत्र आलं होतं, दोन प्रतींत. बाटली तुमच्या आईच्या कपाटात आहे. ती हलवू नका, कण काचेला चिकटतात. फाईल माझ्याकडे होती, ती ह्या पत्राबरोबर पाठवते आहे, कारण सोनं ज्याचं त्याच्याकडे कागद असायला हवा.

माझ्या सहीखाली आबांनी तेव्हाच पट्टीनं दोन रेघा आखून ठेवल्या आहेत. एक थोरलीची. दुसरी कुणाची, असं मी त्यांना तेव्हा विचारलं होतं, तर "राखीव" म्हणाले होते. धाकट्याला आता सही येते असं त्याची आई सांगते. दोघांनी तारीख घालून सह्या करा आणि दुसरी प्रत मला पोस्टानं परत पाठवा. फोनवर "मिळालं, आजी" म्हणून भागणार नाही.